उतरंडीतलं गाव

१

गोवर्धन मास्तरांना लेकरांचं मन कळतं, असं अकोल्यापासून अमरावतीपर्यंत जो तो म्हणायचा. म्हणणारे सगळे मोठे. लेकरांना कोणी विचारलं नव्हतं.

मास्तर स्वतःच लिहायचे, आधी पगारातून, मग पेन्शनीतून स्वतःच छापून घ्यायचे आणि ट्रंक घेऊन शाळाशाळांतून स्वतःच विकायचे. पिवळ्या पुठ्ठ्याची, आठ चित्रांची पातळ पुस्तकं. वलगावच्या शाळेत मला त्यातलं एक बक्षीस मिळालं होतं. तेवढंच एक बक्षीस. त्यानंतर कोणी दिलं नाही. त्या पुस्तकातली पोरं खरं बोलायची. अंधारात स्वतःची बोटं मोजायची आणि एखादं जास्त भरलं की पुन्हा मोजायची. भिंतीतल्या मुंगळ्याला मामा म्हणायची. मला वाटायचं, लहानपणीची भीती विसरला नाही असा एक तरी म्हातारा वऱ्हाडात आहे.

सन सदतीसच्या उन्हाळ्यात मी वीस वर्षांचा होतो. मॅट्रिकच्या वर्गातून उठून आलो होतो, कारण वर्गावरच्या मास्तरनं कानाखाली मारली आणि मी त्याची छडी खिडकीतून बाहेर फेकली. बाप म्हणाला, वावरात राब. मी म्हटलं, तुमच्यासारखं? त्यावर आमचं बोलणं संपलं ते संपलंच. मग अमरावतीला शालिकरामभाऊंच्या शिळाछापखान्यात लागलो. तेलाच्या डब्यांवरचे मोर, कापसाच्या गाठींवरच्या लक्ष्म्या, असली चित्रं मी दगडावर उलटी काढायचो म्हणजे ती कागदावर सुलटी उमटायची.

एक दिवस शालिकरामभाऊ म्हणाले, "सूर्यभान, अकोल्याले जाशीन का? गोवर्धन मास्तरचं नवं पुस्तक हाये. आठ दिवस त्यायच्या घरी राहून चित्रं काढा लागतीन."

"घरी काहून? गोष्ट पाठवा म्हणा, इथंच काढतो."

"त्यायची रीत हाये. गोष्ट घरातच होते म्हणे, म्हणून चित्र बी घरातच झालं पाहिजे." मग पानाचा डबा बंद करत म्हणाले, "मुखपृष्ठावर तुह्यं नाव टाकतो म्हणते."

त्या एका वाक्यासाठी मी गेलो. हे आधीच सांगून टाकतो.

२

मास्तरांचं घर जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अलीकडे. पुढं बैठकीची खोली, मध्ये स्वयंपाकाची, आणि तिच्या मागं कोठी. कोठीला खिडकी नव्हती. वर टिनं. मे महिन्यात अकोल्याची टिनं दहा वाजताच तडतडायला लागतात, दाणे भाजल्यासारखी. कोठीत ज्वारीची पोती आणि कोपऱ्यात मडक्यांची उतरंड, एकावर एक सात. दाराला बाहेरून कडी. दाराशेजारी एक स्टूल, बसून बसून गुळगुळीत झालेलं.

मास्तर साठी उलटलेले, पांढरेशुभ्र, आवाज मऊ. बोलणं पुस्तकातलं.

"शाळा का सोडलीत आपण?"

"मास्तर मारे म्हणून."

"फार वाईट," ते म्हणाले. आणि खरंच वाईट वाटल्यासारखी मान हलवली. "पस्तीस वर्षं शिकवलं मी. एकाही मुलावर हात उचलला नाही. लिहून ठेवा."

घरात त्यांची सून सत्यवती आणि सहा वर्षांची नात शालू. मुलगा दोन वर्षांपूर्वी वारलेला. सत्यवतीबाई पदर पुढं ओढून भाकरी वाढायच्या आणि माझ्याकडं न पाहता "भाऊ, अजून घ्या" म्हणायच्या. बारीक, कोरड्या अंगाच्या बाई. शालू मात्र बडबडी. पहिल्याच जेवणात तिनं मला विचारलं, "मामा, तुमी हत्ती काढता का? सोंड कुठून सुरू करता?"

मी म्हटलं, शेपटीकडून. ती हसली, भात सांडला.

मग जेवण झालं, तिनं हात धुतले, फ्रॉकला पुसले आणि कोणी काही न म्हणता चालत कोठीत गेली. मास्तरांनी दार लोटलं. कडी लावली. स्टुलावर बसले, मांडीवर वही घेतली, पेन्सिलीला टोक केलं आणि कान दाराला लावला.

बाराचा ठोका नुकताच पडला होता.

"काही चुकली का पोरगी?" मी विचारलं.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. कान न काढता, हळू म्हणाले, "शिक्षा नाही ही. एकांत आहे. मूल माणसांत खोटं बोलतं. एकटं पडलं की खरं बोलतं. माझं श्रेय काही नाही हो, मी फक्त टिपून घेतो."

मला बोटं मोजणारी पोरं आठवली. मुंगळ्याला मामा म्हणणारी. ती पोरं कुठं बसली होती, ते कळलं.

आणि तरी मी कागद सरळ केला आणि पहिल्या चित्राची चौकट आखायला घेतली.

३

गोष्ट चांगली होती. हीच तर सारी पंचाईत.

उतरंडीत एक गाव आहे. प्रत्येक मडकं म्हणजे एक घर. वरून सुरुवात करायची आणि रोज एक मडकं उघडायचं. सगळ्यात वरच्या मडक्यात गावचा पाटील राहतो, तो इतका लहान की पागोट्यात झोपतो. दुसऱ्यात एक नवरी, तिचे हात धुऊन होतच नाहीत. तिसऱ्यात एक म्हातारा, तो आपल्या घराचं दार शोधतो आहे आणि दार त्याच्या पाठीला आहे. संध्याकाळी मास्तर वहीतून वाचून दाखवायचे आणि मी दुसऱ्या दिवशी तेच काढायचो. असं मला कधी सुचलं नसतं. कोणालाच सुचलं नसतं.

दोन दिवस मी स्वयंपाकाच्या खोलीतच बसून काढत होतो, कारण उजेड तिथं होता. मास्तरांची पाठ माझ्यासमोर. आतून शालूचा आवाज यायचा. शब्द नीट कळायचे नाहीत, पण बोलणं कळायचं. ती बोले, थांबे, पुन्हा बोले. लेकरं खेळताना बोलतात तसं.

तिसऱ्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली. शालू बोलायची तेव्हा मास्तरांची पेन्सिल थांबलेली असायची. ती गप्प झाली की चालायची.

मी मनाशी म्हटलं, म्हातारा आहे, ऐकतो आधी, लिहितो मागून. त्यात काय. चित्रात लक्ष घाल.

पण मग मी पाहायलाच लागलो. शालू आत चार शब्द बोलली. मास्तर थांबले. ती गप्प. पेन्सिल चालली, एक ओळ, दोन, पाच ओळी. मध्येच त्यांनी मान डोलावली आणि हसले. पेन्सिल थांबली. लगेच आत शालू हसली आणि म्हणाली, "मंग?"

पुन्हा गप्प. पुन्हा पेन्सिल.

भर घालतो म्हातारा, मी म्हटलं. लिहिणारे भर घालतातच. पण भर घालणाऱ्याचा कान दाराला चिकटलेला नसतो. तो वर पाहतो, डोकं खाजवतो, खोडतो. मास्तरांनी वहीत एक अक्षर खोडलेलं नव्हतं. ते शाळेतल्या पोरासारखं लिहीत होते, कोणीतरी सांगत असताना.

ते लघवीला उठले तेव्हा मी जाऊन कान लावला. दार तापलेलं. आत सळसळ, ज्वारीत हात फिरवल्यासारखी. उंदीर, मी म्हटलं.

शालूचा आवाज आला, "आजोबा नाही ते. आता दुसरं कोणी हाये."

मी दाराला बोट लावलं नव्हतं. अनवाणी होतो. श्वाससुद्धा धरून ठेवला होता.

४

त्या दिवशी तास झाल्यावर मास्तरांनी कडी काढली. शालू बाहेर आली. मी तिला माठातलं पाणी द्यायला गेलो, कारण त्या टिनाखाली तासभर बसलं तर माणूस निम्मा व्हायचा. माझा सदरा तर बाहेर बसूनच पिळण्यासारखा झाला होता.

शालूला घाम नव्हता. पेला घेताना तिची बोटं माझ्या बोटांना लागली. थंड. माठाच्या बुडासारखी.

"गरम नाही होत तुले आत?"

"कोपऱ्यात नाही होत. तिच्याजवळ."

"कोणाजवळ?"

तिनं मास्तरांकडं पाहिलं. मास्तर वहीत तारीख घालत होते. तिनं पेला खाली ठेवला. मग माझ्या कागदाजवळ येऊन वाकली. मी उतरंडीसमोर बसलेली मुलगी काढली होती, दोन वेण्या, रिबिनी, गोल गाल. शालूच, थोडी सुधारून. मास्तरांनी सांगितलं होतं की गोष्टीतल्या मुलीचं नाव कुठं घालायचं नाही, म्हणजे कोणत्याही मुलीला ती आपलीच वाटेल.

"ही तं मी झाली," शालू म्हणाली. "गोष्ट सांगते ते कुठी हाये?"

"ती कशी दिसते?"

"केस नाहीत तिले. बारीक कापले हायेत, पोरावानी, वरखाली. कानात बाळ्या नाही, निंबाची काडी हाये. आन ते अशी बसते." तिनं गुडघे जवळ घेतले, त्यांच्यावर हनुवटी टेकवली आणि दोन्ही पायांचे अंगठे एकमेकांवर ठेवले.

मी काढत गेलो. का काढलं, सांगता येत नाही. शालू सांगत होती आणि हात चालत होता. डोळे कसे, विचारलं तर म्हणाली, "मोठे नाही. झोपेतून उठवल्यासारखे." मी एक रेघ खाली ओढली. "हो," ती म्हणाली. "हेच ते."

मास्तर केव्हा मागं येऊन उभे राहिले कळलं नाही. बराच वेळ पाहत होते. वाटलं चिडतील. त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला.

"उत्तम," ते म्हणाले. "केस मात्र थोडे लांब दाखवा. खपाच्या दृष्टीनं."

५

मोर्णेच्या काठावर मळा असलेली गंगूबाई माळीण रोज सकाळी भाजी टाकायला यायची. तोंडानं सैल, कोणाला न भिणारी म्हातारी. सातव्या दिवशी ते केस कापलेल्या मुलीचं चित्र मी शाई करून ओट्यावर वाळत घातलं होतं. गंगूबाईनं टोपली उतरवली, वांगी काढली आणि हात तसाच राहिला.

"हे कोणं काढलं?"

"म्या."

"तू केव्हाचा रे?"

"वीस वर्षाचा."

तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. "मंग तू कुठून पाहशीन इले," ती म्हणाली. "हे तं जमुना होय. मास्तरची पोरगी."

सत्यवतीबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी फुंकणी खाली ठेवली. त्या घरात त्यांना दहा वर्षं झाली होती आणि त्यांना नणंद होती हे त्या तेव्हा प्रथमच ऐकत होत्या.

"काय झालं होतं तिले?" मी विचारलं.

"मानमोडीची साथ आली त्या साली गेली. तापानं, असं म्हणतात." गंगूबाईनं दाराकडं पाहिलं. मास्तर मंडईत गेले होते. "केस त्यायनंच कापले होते. सारखी आरशापुढं बसे म्हणून. मारलं नाही हं कधी. मारणारा माणूसच नव्हे तो. कोठीत बसव, वही घेऊन बस. त्या दिवशी शाळेचा साहेब आला म्हणून बोलावणं आलं, आन हा गेला बाळापूरले. कडी काढाची राहून गेली का कडी लावून गेला, हे त्याचं त्याले माहीत. मायनं दुसऱ्या दिवशी उघडलं. ते माहेरी होती, लेकाले घेऊन."

"आन त्याच्यानंतर?"

"त्याच्यानंतर काय. त्याच साली पयलं पुस्तक निघालं. मंग शिकाले पोरं ठेवू लागला घरी. कोणी महिना टिके, कोणी पंधरा दिवस." तिनं टोपली डोक्यावर घेतली. जाता जाता सत्यवतीबाईंना म्हणाली, "वांगी चांगली हायेत आज, भरून कर."

अशी माणसं. एकोणीस वर्षं माहीत होतं तिला. रोज भाजी टाकून जायची.

मला बोलायला तोंड नव्हतं. पोरीला कोंडतात हे मलाही सात दिवस माहीत होतं.

६

त्या दुपारी सत्यवतीबाई प्रथमच माझ्याशी सरळ बोलल्या.

"भाऊ, एक कारट लिहून द्या. परतवाड्याले माहा भाऊ हाये, शेषराव. लिहा का मले आन शालूले घेऊन जा."

लिहिणाऱ्याच्या घरात त्या बाईला अक्षर येत नव्हतं. मी पोस्टकार्ड लिहिलं, स्वतः टपालात टाकून आलो. शेषराव येईपर्यंत चार-पाच दिवस लागणार होते. मी म्हटलं, तुम्ही पोरीला आत जाऊच देऊ नका ना.

"मी नाही म्हटलं होतं, पयल्याच दिवशी," त्या म्हणाल्या. "मामाजी हसले. म्हणे सूनबाई, हे घर तुले लहान पडत असीन तं परतवाड्याची मोटर चौकातून सुटते. ह्या दुनियेत मले अजून कुठी जागा हाये सांगा."

मग मी मास्तरांकडं गेलो. जमुनेचं नाव घेतलं. वाटलं होतं रडतील, ओरडतील, निदान पांढरे पडतील. त्यांनी चष्मा पुसला.

"तुम्हाला ऐकू येतं का ती काय सांगते?" त्यांनी विचारलं. उत्सुकतेनं. एखाद्या माणसानं आपलं आवडतं भजन दुसऱ्यालाही आवडतं का ते विचारावं तसं.

"नाही."

"मलाही मधली वर्षं येत नव्हतं. ती परकी मुलं होती. त्यांच्याशी बोलायची नाही ती. मग जे मिळे त्यावर भागवावं लागे. शालूशी बोलते. घरचीच ना." ते पुढं झुकले. "किती गोष्टी साठल्या आहेत तिच्यापाशी, कल्पना आहे तुम्हाला? एकोणीस वर्षांच्या. सूर्यभान, सहा मडकी झाली. शेवट तेवढा राहिला. खालचं मडकं ती उघडत नाही. सांगते, वेळ पुरत नाही म्हणून."

"मंग?"

"मग उद्या वेळ देऊ," मास्तर म्हणाले.

त्याच रात्री मी निघून जाऊ शकलो असतो, पोरीला काखोटीला मारून. तसं केलं नाही. अंथरुणावर पडून स्वतःला सांगत होतो की म्हातारा भ्रमिष्ट आहे, पोरगी कल्पक आहे, गंगूबाईची नजर अधू आहे. कोपरा थंड असतो कारण मडक्यांत ओल असते. प्रत्येक गोष्टीला एक कारण होतं. आणि आठवं चित्र काढलं की माझं नाव छापून येणार होतं.

७

दुसऱ्या दिवशी शालू बाराला आत गेली. जाताना तिनं आईकडं एकदा पाहिलं.

एक वाजला. मास्तर उठले नाहीत. दीड. टिनं तडतडत होती. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. मी आठव्या कागदासमोर बसलो होतो आणि कागद कोरा होता. सत्यवतीबाई पाण्याचा तांब्या घेऊन भिंतीशी उभ्या होत्या. तांब्याला बाहेरून दव धरलं, मग तेही वाळलं.

एकपर्यंत शालूचा आवाज येत होता. मग तुटक. सव्वाला तिनं एकदा "माय" म्हटलं, मोठ्यानं नाही. त्यानंतर काही नाही.

पण पेन्सिल थांबली नाही.

दोन वाजले. पोरीचा आवाज बंद होऊन पाऊण तास झाला होता आणि मास्तर लिहीतच होते, पानामागून पान, मान डोलावत, मध्येच हसत. एकदा तर ते कुजबुजले, "सावकाश, सावकाश. माझा हात दुखतो." टोक झिजलं तेव्हा त्यांनी पेन्सिल पालथी केली आणि दुसरं टोक वापरलं. ओळ चुकू नये म्हणून.

"भाऊ," सत्यवतीबाई म्हणाल्या. "कडी काढा."

मी उठलो. मास्तरांनी डावा हात आडवा धरला, वहीवरची नजर न काढता. "दोन मिनिटं. फक्त दोन मिनिटं. खालच्या मडक्यापाशी आली आहे."

म्हाताऱ्याचा हात काडीसारखा होता. मला तो बाजूला करायला काहीच लागलं नाही. आठ दिवसांत कधीही काही लागलं नसतं.

दार उघडलं आणि थंडी आली. मे महिन्यातली दुपार होती आणि विहिरीच्या तोंडाशी उभं राहिल्यासारखं वाटलं. अंधार डोळ्यांना सोसेपर्यंत मी चाचपडलो. शालू उतरंडीशी पडली होती, कुशीवर, गुडघे जवळ घेऊन. तिचं डोकं जमिनीवर नव्हतं. वीतभर वर होतं, कोणाच्या मांडीवर असावं तसं, आणि खाली काही नव्हतं.

मी तिला उचललं. त्याबरोबर डोकं सैल होऊन माझ्या दंडावर आलं. श्वास होता. मी दाराकडं वळलो. उंबऱ्यात एकदा मागं पाहिलं आणि बाहेर आलो.

सत्यवतीबाईंनी तोंडावर पाणी मारलं. शालूनं डोळे उघडले. सगळ्यांत आधी ती मास्तरांना म्हणाली, अगदी साध्या आवाजात, निरोप सांगावा तशी: "आजोबा, ते म्हणे, खालचं मडकं तुमालेच दाखवीन. तुमी आत या म्हणे."

मास्तरांचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडं पाहावं लागलं. त्यांनी वहीचं नवं पान काढलं, धोतर सावरलं, वाकून आत गेले. "आलो, बाळ," आतून त्यांचा आवाज आला.

दार सत्यवतीबाईंनी लोटलं. कडीही त्यांनीच लावली. रागानं नाही, भाकरीचं पीठ झाकून ठेवावं तशी. मग पोरीला उचलून त्या गाठोडं बांधायला पुढच्या खोलीत गेल्या.

मी तिथंच. काही वेळ मास्तर बोलत होते, मध्ये थांबत होते. मग त्यांचं बोलणं कमी झालं. मग आवाज बारीक झाला. मग नुसतं "हो" आणि "नाही" आणि "पुन्हा नाही करणार".

मग काही ऐकू येईना. मी स्टुलावर बसलो आणि कान लावणार, तेवढ्यात दाराच्या दोन फळ्यांमधली फट दिसली. रोज मास्तरांचा कान जिथं असायचा तिथंच. आधी डोळा लावला.

काळोख असायला हवा होता. फटीत काहीतरी होतं, अगदी जवळ, फळीला टेकलेलं, फिकट. मला समजायला वेळ लागला, कारण कान इतक्या जवळून आपण कधी पाहत नाही. लहानसा कान. पाळीच्या भोकात हिरवी काडी.

आतून कोणीतरी बाहेरचं ऐकत होतं.

मी कडी काढली. दार मी ओढलं नाही. मागं सरकलो आणि म्हणालो, "मास्तर, बाहेर या. उघडं हाये."

आतून मास्तरांनी विचारलं, "जाऊ?" मला नाही विचारलं.

मध्ये तेवढाच वेळ गेला, उत्तर द्यायला जेवढा लागतो.

"बरं," मास्तर म्हणाले, आणि आले नाहीत.

८

आम्ही चारच्या गाडीनं निघालो. स्टेशनवर जाताना वाटेत गंगूबाईच्या मळ्यापाशी मी तिला सांगितलं, मास्तर कोठीत आहेत, दार उघडं आहे, कोणाला घेऊन जा. ती गेली का, केव्हा गेली, तिनं काय पाहिलं, हे लोक अजून वेगवेगळं सांगतात. मी कोणाला विचारलं नाही. सातही चित्रं तिथंच राहिली. पुस्तक निघालं नाही.

अकोल्याची मोटर सकाळीच सुटून गेली होती, म्हणून बडनेऱ्याला उतरून अमरावतीला जायचं, तिथून परतवाड्याची मोटर. पोस्टकार्डाच्या आधीच आम्ही पोचणार होतो. शेषराव घरात घेतो की नाही, ते तेव्हा पाहू, असं मी सत्यवतीबाईंना म्हणालो. त्या म्हणाल्या, "न घेऊन जातो कुठी." दहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा पदर डोक्यावरून खाली घसरला होता आणि त्यांनी तो तसाच राहू दिला. मूर्तिजापूर गेलं तशा बसल्या बसल्या झोपल्या.

शालू माझ्याशेजारी खिडकीत होती. गरम वारा येत होता. तिला घाम आला होता, कपाळावर, वरच्या ओठावर. मी ते पुन्हा पुन्हा पाहत होतो. इतकं बरं मला आयुष्यात कशाचं वाटलं नाही.

बराच वेळ ती बाहेर पाहत होती. मग म्हणाली, "मामा, तिले काहून नाही आणलं?"

"कोणाले?"

"तुमाले माहीत हाये."

मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

"तुमी मले उचललं तवा ते बोलली. आन मी, म्हणे. तुमाले आयकू आलं."

"नाही आलं."

"आलं. तुमी मांग पाह्यलं."

गाडी पुलावरून जात होती, खडखडाट होता. तो संपायची तिनं वाट पाहिली. सगळ्या डब्यात मी एकटाच होतो ज्याला ती हे विचारू शकत होती. मला ऐकू आलं होतं. दोनच शब्द, झोपेतून उठल्यासारखे, अजिबात भुताचे नाहीत. आन मी? आणि मी उंबरा ओलांडला होता. जमुना आठ वर्षांची असेल, तिला कोणी न्यायला आलंय असं वाटलं असेल, आणि मी उंबरा ओलांडला.

"तिथं कोणीच नव्हतं, बेटा," मी म्हणालो. "तुले गरमीनं भास झाला."

मऊ आवाजात म्हणालो. केसांवरून हातही फिरवला.

शालूनं डोकं बाजूला घेतलं आणि माझ्याकडं पाहिलं. रडली नाही, चिडली नाही. नुसतं पाहिलं, पुरतं, एकदाच. ही नजर मला ठाऊक होती. बापाकडं, छडीवाल्याकडं, आजवर भेटलेल्या एकूणएक मोठ्या माणसाकडं मी हीच नजर लावून जगत आलो होतो.

मग ती सरकून आईला चिकटली, आणि बडनेरा येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही.